सुकाणू मुलींच्या हाती

बोटीवर बाई असली की तिच्या वाट्याला कोणते काम येणार, हे सांगायला नकोच. १९८५-८६ च्या ‘व्हिटब्रेड’ जगप्रदक्षिणा शर्यतीत ट्रेसी एडवर्ड्‌स ही इंग्रज तरुणी एका शिडाच्या बोटीवर गेली, ती स्वयंपाकीण म्हणून. स्वयंपाकाला मी कमी लेखत नाही. डुलत्या बोटीत चुलीवर भांडे टिकवणे हीही विद्याच आहे. पण तिला शिडे सांभाळायची होती आणि त्या कामावर तिला कोणी घेईना.

तेव्हा तिने बायकांचीच बोट काढायचे ठरवले. घर गहाण टाकून एक जुनी बोट घेतली, सोबतिणींसह ती दुरुस्त केली आणि तिचे नाव ‘मेडन’ म्हणजे कुमारिका असे ठेवले. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. पैसा जमेना, तेव्हा जॉर्डनचे राजे हुसेन यांनी हात दिला. २ सप्टेंबर १९८९ रोजी इंग्लंडच्या साउथॅम्प्टनहून ‘मेडन’ शर्यतीला निघाली. दक्षिणेचा बर्फाळ समुद्र ओलांडून १९९० साली ती परत आली, ती आपल्या गटात दोन टप्पे जिंकून आणि एकूण दुसरा क्रमांक मिळवून.

मुलींची बोट वेगळी कशाला, असे कोणी विचारील. मुलगे सोबत असले की जड दोर ओढताना कोणी तरी दादा म्हणतो, “राहू दे, मी करतो.” त्यात माया असते, पण मुलीचे शिकणे तिथेच थांबते. साऱ्या मुलीच असल्या, म्हणजे दोर, नकाशा, सुकाणू, रात्रीचा पहारा, सगळे त्यांच्यावरच येते.

आपल्या देशातही हे घडले. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाची ‘तारिणी’ गोव्याहून जगप्रदक्षिणेस निघाली. वर्तिका जोशी प्रमुख आणि सोबत पाच महिला अधिकारी. त्यांना शिकवले होते दिलीप दोंदे यांनी. २००९-१० मध्ये शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. शिकवणारा पुरुष असला तरी बिघडत नाही, फक्त बोट निघताना त्याने किनाऱ्यावर उतरावे! वाटेत सुकाणूची यंत्रणा बिघडली, मॉरिशसला थांबावे लागले. तरी २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, सहाही जणी गोव्यास परतल्या.

मुलींनी सदा वेगळेच राहावे, असे माझे म्हणणे नाही. पण होडी असो, पोहणे असो वा सायकल, सुरुवातीचे काही दिवस त्यांचा वर्ग वेगळा असावा. एकदा हाताला सवय झाली, की पुढे कोणाच्याही बोटीत त्या केवळ चुलीपाशी बसणार नाहीत.