‘सोबत’ या शब्दाची किंमत : अमेरिकेतील एका कायदेशीर व्याख्येचा इतिहास (थ्रेड)

१/ १६ एप्रिल २००७. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्या दिवशी एका साध्या शब्दाभोवती युक्तिवाद चालला होता. शब्द होता ‘कंपॅनियनशिप’, म्हणजे आपली ‘सोबत’. वृद्ध, आजारी माणसाच्या घरी पगारावर सोबतीला राहणारी बाई कायद्याच्या दृष्टीने इतर कामगारांसारखी कामगार आहे की नाही, असा प्रश्न होता.

२/ दावा एव्हलिन कोक यांचा होता. मूळच्या जमैकाच्या कोक न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहत. पाच मुले वाढवत त्यांनी जवळजवळ वीस वर्षे लोकांच्या घरी जाऊन हेच काम केले. वृद्धांना आंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे, पलंगावरून खुर्चीत बसवणे, औषधाची वेळ झाली की आठवण करणे. कधी पाळी सलग २४ तासांची असे. मजुरी ताशी सुमारे ७ डॉलर. आठवड्यात ४० तासांहून अधिक काम झाले की इतर कामगारांना दीडपट दर मिळे. कोक यांना मिळत नसे. एजन्सीचे म्हणणे असे की, कायद्याप्रमाणे तो देणे लागतच नाही. आणि एजन्सी खोटे बोलत नव्हती.

३/ हे असे का, हे समजण्यासाठी १९३८ मध्ये जावे लागते. त्या वर्षी रूझवेल्ट सरकारने ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’ आणला. किमान वेतन ताशी २५ सेंट, आठवडा प्रथम ४४ तासांचा, पुढे ४०. कायद्याची कक्षा राज्याराज्यांतील व्यापाराशी निगडित उद्योगांपुरती ठेवलेली असल्यामुळे कोणाच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई आपोआप बाहेर राहिली. शेतमजूरही वगळले गेले. दक्षिणेतील राज्यांत ही दोन्ही कामे मुख्यतः कृष्णवर्णीय करीत, आणि त्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवाचून काँग्रेसमध्ये पान हलत नव्हते. हा निव्वळ योगायोग मानणे भाबडेपणाचे ठरेल.

४/ त्या काळच्या घरकामगार स्त्रियांची स्थिती पाहायची असेल तर एला बेकर आणि मार्व्हल कुक यांनी १९३५ साली ‘द क्रायसिस’ या नियतकालिकात लिहिलेला लेख वाचावा. ब्राँक्समधील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सकाळी उभ्या राहणाऱ्या आणि तासाच्या बोलीवर घरकामाला नेल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे ते वर्णन आहे. आपल्याकडील मजूर नाक्यासारखेच दृश्य. लेखिकांनी त्याला ‘गुलामांचा बाजार’ म्हटले होते.

५/ गंमत अशी की, घरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करणे हा स्वतंत्र व्यवसाय त्याच दशकात सरकारनेच उभा केला. महामंदीत बेकार झालेल्या स्त्रियांना रोजगार हवा होता. दीर्घ आजाऱ्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी मदत हवी होती. ‘डब्ल्यूपीए’ या रोजगार योजनेने दोन्ही गरजा जोडल्या आणि ‘हाउसकीपिंग एड’ घरोघरी पाठवल्या. त्या नर्स नव्हत्या आणि निव्वळ मोलकरणीही नव्हत्या. हे मधलेपण या कामाला पुढे कायमचे चिकटले.

६/ १९६० च्या दशकात घरकामगार स्त्रिया संघटित होऊ लागल्या. अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी १९६८ मध्ये संघटना बांधली. काँग्रेसमध्ये शर्ली चिझम यांनी हा विषय लावून धरला. त्यांची आई स्वतः घरकाम करीत असे. १९७३ मध्ये विधेयक मंजूर झाले, पण निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. १९७४ मध्ये त्यांनीच सही केली. ३६ वर्षांनी घरकामगार किमान वेतनाच्या कायद्यात आले.

७/ परंतु त्याच दुरुस्तीत दोन अपवाद होते. एक, अधूनमधून मुले सांभाळणारे. दुसरा, वय वा अशक्तपणा यांमुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्यांना ‘सोबत’ करणारे. हा अपवाद करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे म्हाताऱ्या आईजवळ चार तास बसायला येणारी शेजारीण होती. मराठी घरांतही ‘सोबतीला जाणे’ म्हणजे हेच. त्याची मजुरी कोणी विचारीत नाही, विचारली तर वाईट दिसते.

८/ खरी कलाटणी १९७५ मध्ये मिळाली, आणि ती संसदेत नव्हे, कामगार खात्याच्या नियमावलीत. खात्याने ‘सोबत’ची व्याख्या केली : सहवास, काळजी आणि संरक्षण. इतर घरकाम एकूण वेळेच्या २० टक्क्यांपर्यंत चालेल. प्रशिक्षित नर्सची सेवा मात्र ‘सोबत’ धरली जाणार नाही. म्हणजे काम ‘वैद्यकीय नाही’ हेच संरक्षण नाकारण्याचे कारण ठरले. पुढचे वाक्य त्याहून महत्त्वाचे होते. बाईला कुटुंबाने नेमले नसून एखाद्या एजन्सीने पाठवले असले तरी अपवाद लागू. मोठ्या एजन्सींतील काही कामगारांना १९७४ पूर्वीच संरक्षण होते. हक्क वाढवण्यासाठी केलेल्या दुरुस्तीमुळे त्यांचा होता तो हक्कही गेला.

९/ त्यानंतर काळ बदलला. १९६५ पासून ‘मेडिकेड’ होतेच. १९८१ च्या कायद्याने राज्यांना त्या निधीतून घरच्या देखभालीवर खर्च करण्याची मोकळीक मिळाली. नर्सिंग होमपेक्षा घर स्वस्त, आणि माणसांनाही घरच हवे असते. एजन्सी वाढल्या, हा एक उद्योग झाला. व्याख्या मात्र शेजारणीचीच राहिली.

१०/ या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. पोलिओमुळे हातपाय निकामी झालेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. श्वासासाठी त्यांना ‘आयर्न लंग’ लागे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये तेथे ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे केले. त्यांची भूमिका अशी : मदतनीस कोण असेल, कधी येईल, काय करील, हे संस्थेने वा डॉक्टरने ठरवायचे नाही, ते ज्याला मदत हवी त्याने ठरवायचे. त्यांच्या दृष्टीने ही सेवा म्हणजे दया नव्हती, स्वातंत्र्याचे साधन होते. पण एकाचे स्वातंत्र्य ज्या हातांवर उभे आहे त्या हातांना काय मिळावे, हा प्रश्न उरलाच.

११/ त्याचे एक उत्तर लॉस एंजेलिसमध्ये मिळाले. १९९९ मध्ये तेथील सुमारे ७४,००० गृह-सेवकांनी मतदान करून कामगार संघटना स्वीकारली. १९३० च्या दशकानंतर अमेरिकेत एका फटक्यात एवढे कामगार संघटनेत आले नव्हते. विखुरलेल्या घरांत एकेकट्याने काम करणारी माणसे संघटित होऊच शकत नाहीत, हा समज तेथे मोडला.

१२/ आता पुन्हा कोक. खालच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयात न्यूयॉर्क शहराने खर्चाच्या भीतीने एजन्सीची बाजू उचलली. ११ जून २००७ रोजी निकाल आला. नऊच्या नऊ न्यायाधीश कोक यांच्या विरोधात. निकालपत्र न्या. स्टीफन ब्रायर यांचे. काम कष्टाचे आहे की नाही याचा निवाडा न्यायालयाने केलाच नाही. काँग्रेसने तपशील ठरवण्याचे काम खात्यावर सोपवले होते, म्हणून खात्याचा नियम ग्राह्य, एवढेच. कोक तेव्हा मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होत्या. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

१३/ पण या तर्काला दुसरी धार होती. नियम खात्याचा, तर तो खाते बदलूही शकते. २०१३ मध्ये ओबामा सरकारने तो बदलला. एजन्सींना ‘सोबत’चा अपवाद बंद, आणि सोबत म्हणजे मुख्यत्वे सहवास व संरक्षण, प्रत्यक्ष देखभाल २० टक्क्यांहून अधिक झाली की अपवाद संपला. सुमारे २० लाख कामगारांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया, संरक्षण मिळणार होते. एजन्सी न्यायालयात गेल्या, जिल्हा न्यायालयाने नियम रद्द केला, अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि त्या वर्षी ऑक्टोबरपासून तो अंमलात आला.

१४/ विरोधकांत ‘अडॅप्ट’ ही अपंग-हक्क संघटनाही होती, हे अनेकदा विसरले जाते. त्यांची भीती अशी की, राज्ये ओव्हरटाइम देण्याऐवजी तासांवर मर्यादा घालतील. ओळखीच्या, विश्वासाच्या एका मदतनिसाच्या जागी तीन अनोळखी माणसे येतील आणि काहींना अखेर संस्थेत जावे लागेल. ही भीती निराधार नव्हती. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी साप्ताहिक तासांवर खरोखरच मर्यादा घातल्या. दोष ओव्हरटाइमचा की पैसे न सोडणाऱ्या तिजोरीचा, यावर दोन्ही बाजूंची मने अजून जुळलेली नाहीत. दोष तिजोरीकडे जातो असे मानायला जागा आहे. पण ज्याला सकाळी पलंगावरून उठवायला कोणी आलेच नाही, त्याला हा युक्तिवाद ऐकवणे कठीण.

१५/ जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने २०१३ चा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. प्रस्तावात सुचवलेली व्याख्या १९७५ ची आहे : सहवास, काळजी आणि संरक्षण.