वॉर्डाचा मेंबर

ज्यास आज आपण नगरसेवक म्हणतों, त्यास आमच्या लहानपणीं नागपुरांत सारे ‘मेंबर’ म्हणत. वर्तमानपत्रें त्याचा ‘नगरपिता’ म्हणून गौरव करीत. परंतु महालांतील गल्लीबोळांत हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. पित्यानें द्यावें, सेवकानें राबावें. मेंबरानें काय करावें तें मात्र त्याच्या नांवावरून कळत नाहीं. तरीही या तिन्ही नांवांत तेंच आम्हांस अधिक खरें वाटतें. तें कां, हें सांगावयाचें तर थोडें मागें जावें लागेल.

नागपूरची नगरपालिका सन १८६४ मधील. भोसल्यांचें राज्य खालसा होऊन त्या वेळीं दहा वर्षें झालीं होतीं आणि मध्यप्रांत निर्माण होऊन अवघीं तीन. अशा संस्थांचा जन्म स्वराज्याच्या ओढीनें झाला नव्हता. शहराच्या झाडलोटीचा व दिवाबत्तीचा खर्च शहरानेंच सोसावा, हा सरकारचा साधा हिशेब त्यामागें होता. जकात शहराची आणि हुकूम साहेबाचा. पुढें १८८२ च्या मे महिन्यांत लॉर्ड रिपनचा ठराव आला. कारभार सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांस राजकीय शिक्षण मिळेल म्हणून स्थानिक कारभार त्यांच्या हातीं द्यावा, असें त्यानें उघड म्हटलें. इतिहासाच्या वर्गांत आमचे विद्यार्थी हा ठराव पाठ करितात. पण या शिक्षणाचे धडे मोरी आणि नळ यांवर गिरवावयाचे होते, हें त्यांच्या फारसें ध्यानांत येत नाहीं.

आणि नळ ही काय सामान्य वस्तु होती? अंबाझरीचा तलाव भोसल्यांच्या अमदानींतील. १८७० नंतर त्याचा बांध उंचावून शहरांत नळानें पाणी आणण्यांत आलें. पुढें तें पुरेना म्हणून गोरेवाडा, आणि त्यानंतर कन्हान नदी. १८७२ सालीं ८४ हजारांच्या घरांत असलेली वस्ती १९०१ च्या खानेसुमारींत १,२७,७३४ झाली होती. मधल्या काळांत, १८७७ सालीं, एम्प्रेस मिल सुरू झाली होती. माणसें वाढत होतीं आणि पाणी मोजकें होतें. अशा शहरांत नळ कोणत्या गल्लींत आधीं जाणार, हाच राजकारणाचा मूळ प्रश्न होय. राज्यशास्त्राच्या ग्रंथांत तो या शब्दांत सांपडत नाहीं, ही गोष्ट निराळी.

त्या प्रश्नाचें उत्तर त्या काळीं थोर घराण्यांतील व सुशिक्षित मंडळी देत असत. सर गंगाधरराव चिटणवीस यांनीं १८९६ पासून दोन दशकांहून अधिक काळ नगरपालिकेचें अध्यक्षपद भूषविलें. या मंडळींच्या निष्ठेविषयीं आम्हांस शंका नाहीं; तेव्हां पगार नव्हता आणि उपद्व्याप पुष्कळ होता. परंतु मताचा अधिकार घरपट्टी व मालमत्ता यांच्याशीं बांधलेला होता. इतवारीपलीकडील कोष्ट्याच्या मागाखालीं ओल आली तर त्यानें वाड्यावर जाऊन विनंती करावी. मत देऊन जाब विचारण्याची सोय त्यास नव्हती. ‘नगरपिता’ हा शब्द त्या व्यवस्थेस शोभणारा होता.

२ मार्च १९५१ रोजीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि पुढील वर्षीं प्रौढ मताधिकारानें निवडणूक होऊन बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर झाले. आतां मत कोष्ट्यासही मिळालें. मात्र याच वेळीं कायद्यानें एक गंमत केली. महानगरपालिकेच्या रचनेंत अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे असतो. निवडून आलेल्या सभासदानें ठराव करावे, अंदाजपत्रकास मंजुरी द्यावी, सभागृहांत प्रश्न विचारावे. एखाद्या झाडूवाल्यास ‘येथें झाड’ असें सांगण्याचाही अधिकार कायद्यानें त्यास नाहीं. म्हणजे लोक ज्याच्या दारीं येऊं लागले, त्याच्या हातीं कांहीं नव्हतें. आणि ज्याच्या हातीं होतें, त्याच्या दारीं लोक जाऊं शकत नव्हते. मेंबराचें सारें दैनंदिन काम या फटींत उभें आहे.

आमच्या शेजारच्या मेंबरांचें काम आम्ही शाळकरी वयांत रोज पाहत असूं. सकाळीं सात वाजतां ते ओट्यावर बसत. हातीं चहा, मांडीवर छापील लेटरपॅड, बाजूस गोल शिक्का. कोणाची गडर लाइन तुंबलेली, कोणाच्या नळाला करंगळीएवढी धार, कोणाच्या दारचा दिवा आठ दिवस बंद. कोणास राहण्याचा दाखला हवा, कोणास मुलाच्या शाळाप्रवेशासाठीं चिठ्ठी. पोळा जवळ आला कीं मारबतीच्या वाटेवरील खड्ड्यांची आठवण करून देणारे येत. दहा वाजतां मेंबर सायकलीवर निघत आणि कचेरींत टेबलाटेबलाशीं उभे राहत. महालांतील टाऊन हॉलमध्यें सभा असली तर त्या दिवशीं कोट चढे. परंतु सभेंतील भाषणापेक्षां टेबलाशीं उभें राहणें अधिक कठीण, असें ते म्हणत.

एकदां एक विधवा बाई नळाच्या अर्जासाठीं आली होती. तिला कचेरींत घेऊन गेल्यावर मेंबर कारकुनास एवढेंच म्हणाले, ‘या बोलतील, तुम्ही ऐका.’ आणि स्वतः बाकावर जाऊन बसले. नळ मिळावयास त्यानंतरही दोन महिने लागले. पण पुढें ती बाई एकटी कचेरींत जाई, इतकेंच नव्हे तर शेजारणींस घेऊन जाई. रिपनच्या मनांत याहून निराळें कांहीं असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या वर्गांतील सुशिक्षित माणसें या कामास नाक मुरडतात. प्रतिनिधीनें धोरण ठरवावें, गटारें कसलीं पाहतो, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या आक्षेपांतला एक भाग खरा आहे, आणि तो आम्ही लपवीत नाहीं: जें हक्कानें मिळावयाचें तें चिठ्ठीनें मिळूं लागलें कीं हक्काची कृपा होते, आणि कृपेची परतफेड मतदानाच्या दिवशीं मागितली जाते. चिठ्ठी देणारे सारेच बाकावर जाऊन बसत नाहींत. परंतु ज्यास फॉर्म भरतां येतो, साहेबाशीं इंग्रजींत बोलतां येतें, त्यास मेंबराची गरज कमीच असते. म्हणूनच मेंबर नसावा असें म्हणणें त्यास सोपें जातें.

अलीकडच्या काळांत हा ओटाच हरवत चालला आहे. २०१७ च्या निवडणुकींत नागपूरचे ३८ प्रभाग करून १५१ सभासद निवडले गेले. एका प्रभागांत बहुधा चार. त्यांत निम्म्या जागा स्त्रियांच्या, ही मोठी इष्ट गोष्ट. पण चौघांपैकीं गडर लाइन कोणाची? एकाकडे गेलें तर तो दुसऱ्याचें नांव सांगतो, आणि जाब विचारण्याचा नवा अधिकार चार दारांत विरून जातो. मार्च २०२२ मध्यें त्या सभेची मुदत संपली, आणि जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक होईपर्यंत शहर प्रशासकाच्या हातीं राहिलें. त्या काळांत शहर बंद पडलें नाहीं. पाणी येत होतें, कचऱ्याच्या गाड्या फिरत होत्या, तक्रार मोबाइलवर नोंदवितां येत होती.

तरी सकाळीं माणसें जुन्याच दारीं जात. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका मेंबराकडे आम्ही सहज गेलों होतों. पायरीवर चौघे-पांच जण बसले होते. पॅड जुनेंच होतें. ‘नगरसेवक’ या छापील शब्दाअगोदर त्यांनीं प्रत्येक पानावर निळ्या शाईनें ‘माजी’ असें लिहून ठेविलें होतें, आणि एका म्हाताऱ्यास दाखला लिहून देत होते. हा कागद आतां चालतो का, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, ‘कधीं चालतो, कधीं नाहीं. नाहीं चालला तर मी बरोबर जातों.’