काडतूसभरणी, वऱ्हाडातील
काडतूसभरणी, वऱ्हाडातील : उडवून रिकाम्या झालेल्या काडतुसाच्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याजोगी करणे, याला काडतूसभरणी म्हणतात. दारूची निवड व तिचे वजन ही या कामातील कळीची बाब होय. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेकडील मेळघाटच्या डोंगराळ जंगलात आणि त्याखालच्या कापूस-ज्वारीच्या सपाट मुलखात शिकारीची हत्यारे वेगवेगळी होती. त्यांतील मोठ्या जनावरांच्या रायफलींचा व्यास किती असावा हे सरकारी हुकमाने, तर त्यांत दारू किती घालावी हे पुष्कळ अंशी उन्हाळ्याने ठरविले.

शेतराखणीसाठी गावोगाव वापरात असलेली ठासणीची बंदूक हे या विद्येचे मूळ रूप मानता येईल. कारण तिचा मालक प्रत्येक बार स्वतःच्या हाताने भरतो. सोरा, कोळसा व गंधक यांची स्थूलमानाने ७५ : १५ : १० या प्रमाणात केलेली काळी दारू मापाने नळीत ओतावयाची, वर चिंध्यांचा बोळा गजाने ठासावयाचा आणि मग छर्रे किंवा गोळी. काळी दारू निर्धूम दारूच्या मानाने कमी दाब निर्माण करते. त्यामुळे मापातील लहानसहान चूक जाड नळी सहसा सोसते.

काळ्या दारूच्या मापाविषयी सातपुड्याच्या अनुभवावर आधारलेली एक उपपत्ती जेम्स फॉरसाइथ या मध्य प्रांतातील अधिकाऱ्याने मांडली. जंगलातील नेम जवळचा असतो; म्हणून नळीतील आटे कमी पिळाचे ठेवून गोल गोळीमागे दारू भरपूर घालावी, म्हणजे गोळी सरळ जाऊन तिचा आघातही मोठा होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. लांबट गोळ्या प्रचारात आल्यावर ही उपपत्ती मागे पडली. सातपुड्याच्या प्रदेशावरील त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला.

१८८९ मध्ये एबल व ड्यूअर यांनी ब्रिटनमध्ये कॉर्डाइट ही निर्धूम दारू तयार केली. तिच्या मूळ मिश्रणात नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के व व्हॅसलीन ५ टक्के असे. तिने केवढा फरक पडला हे एका तुलनेवरून स्पष्ट होते. लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीत ८५ ग्रेन (सु. ५·५ ग्रॅ.) काळी दारू ४८० ग्रेन वजनाच्या गोळीला सेकंदाला सु. १,३५० फूट वेग देई. १८९८ मध्ये जॉन रिग्बी यांनी पुढे आणलेल्या ०·४५० इंची शिकारी काडतुसात तेवढ्याच वजनाच्या गोळीला ७० ग्रेन कॉर्डाइटने सु. २,१५० फूट वेग मिळू लागला. गवा, वाघ, अस्वल यांसाठी हे काडतूस आदर्श मानले जाऊ लागले.

परंतु हाच व्यास अडचणीचा ठरला. वायव्य सरहद्दीवर व इतरत्र मार्टिनी-हेन्री रायफली सरकारच्या विरोधकांच्या हाती होत्या आणि ०·४५० व्यासाच्या शिकारी गोळ्या त्यांना उपयोगी पडतील, ही धास्ती होती. म्हणून १९०७ च्या सुमारास या व्यासाच्या रायफली व काडतुसे भारतात आणण्यास मनाई झाली. त्यावर तोड म्हणून ब्रिटिश बंदूककारांनी ०·४६५, ०·४७०, ०·४७५, ०·४७६ असे जवळजवळचे व्यास काढले. त्यांपैकी हॉलंड अँड हॉलंड यांचे ०·५००/०·४६५ हे काडतूस मुख्यतः भारतासाठीच जन्मले. त्यात ७३ ग्रेन कॉर्डाइट व ४८० ग्रेनची गोळी असे. सरहद्दीवरील भयाने चिखलदऱ्याला जाणाऱ्या शिकाऱ्याच्या बंदुकीचे तोंड पंधरा सहस्रांश इंचाने रुंदावले, असे म्हणावयास हरकत नाही.

व्यासाचा प्रश्न असा सुटला, तरी उष्णतेचा राहिलाच. कॉर्डाइट तापले की ते अधिक वेगाने जळते व नळीतील दाब वाढतो. शिकारीचा खरा हंगाम पानगळीनंतरचा, म्हणजे मार्च ते मे. त्या वेळी पाणवठे आटतात, झाडी विरळ होते आणि मचाणावरून दूरचे दिसते. नेमक्या याच दिवसांत अकोल्याचे तापमान ४५° से.च्याही वर जाते, आणि उन्हात पडलेले पितळी काडतूस हवेपेक्षाही तापते. दाब फार वाढल्यास पुंगळी नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते व बाहेर निघत नाही. जखमी वाघ समोर असताना दुनळी उघडेना, तर शिकाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी ब्रिटिश कारखाने कॉर्डाइटचा भार थोडा कमी करून वेगळी काडतुसे भरीत. उलटपक्षी हिवाळ्यातील पहाटे हीच काडतुसे किंचित मंद उडत.

दुनळी रायफलीत हा फरक लगेच दिसून येतो. तिच्या दोन नळ्या कारखान्यात एका विशिष्ट भारासाठी अशा जुळविलेल्या असतात, की ठराविक अंतरावर दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच जागी लागाव्यात. भार सौम्य झाला, तर गोळी नळीत अधिक वेळ राहते, तेवढ्यात बंदूक धक्क्याने अधिक वळते आणि दोन्ही गोळ्या एकमेकींपासून दूर जातात. भार तीव्र झाला, तर त्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात. त्यामुळे १९६० नंतरच्या दशकात कायनॉक कंपनीने मोठी काडतुसे बनविणे थांबविल्यावर परदेशांतील हौशी भरणाऱ्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो जास्तीत जास्त वेगाचा नव्हता. कॉर्डाइटने दिलेला जुना वेग नव्या दारूने हुबेहूब कसा मिळवावा, हा तो होता. शीघ्र जळणारी दारू थोडक्यात मोठा दाब देते व प्रशस्त पुंगळीचा बराच भाग रिकामा ठेवते. अतिमंद दारू अर्धवट जळते. यासाठी मंदपैकी दारू घेऊन, अगदी कमी भारापासून अर्ध्या-एका ग्रेनने चढत, लक्ष्यावरील दोन छिद्रे जुळेपर्यंत पाहणे, हीच रीत रूढ झाली. उरलेली पोकळी काही जण शेवरीच्या कापसासारख्या हलक्या भरणाने भरतात. जुन्या पुंगळ्यांची आणखी एक खोड अशी, की त्यांतील काही टोप्यांमधला पारा पितळ ठिसूळ करून टाकतो व दुसऱ्या बाराला पुंगळी चिरते.

वऱ्हाडात मात्र असे प्रयोग फारसे संभवनीय नव्हते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार काडतुसे बनविण्यास परवाना लागतो. काडतुसांचे भाग व ती बनविण्याची यंत्रेही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. काडतुसांअभावी या रायफली घरोघरी मुक्या झाल्या. लष्करी ०·३०३ हा व्यास सामान्य नागरिकाला वर्ज्य असल्यामुळे परवानाधारकांत ईशापूरच्या कारखान्यातील ०·३१५ इंची (८ मिमी.) रायफल रुळली. तिची काडतुसे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्यात बनत आणि त्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ हा शिक्का असे.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने वाघाची शिकार बंद झाली, १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपुष्टात आले. पिकांची नासाडी करणारी रोही व रानडुकरे मारण्यास अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मुभा देता येते. तेथे ०·४६५ ची गरज कोणास नाही. ब्रिटनमध्ये १९९० नंतर ही काडतुसे पुन्हा बनू लागली, ती मुख्यतः आफ्रिकेत जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी.