थापी धरलेला वॉशिंग्टन

कमरेला गवंड्याचा एप्रन, हाती थापी, अशा थाटात उभा राहिलेला जॉर्ज वॉशिंग्टन एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कितीतरी भिंतींवर विराजमान झाला. परंतु या तसबिरीची कुळी शोधू गेल्यास तिचे धड एका घराण्यातले आणि मुखवटा दुसऱ्याच घराण्यातला निघतो.

धडाविषयी तक्रारीस जागा नाही. १७५२ साली व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, त्याने गवंड्याची अवजारे खूण म्हणून मिरविणाऱ्या फ्रीमेसन पंथाची दीक्षा घेतली, पुढल्याच वर्षी तो ‘मास्टर मेसन’ झाला, आणि १८ सप्टेंबर १७९३ रोजी कॅपिटॉलची कोनशिला बसविताना दस्तुरखुद्द राष्ट्राध्यक्ष एप्रन बांधूनच उभा होता. मुखवट्याची हकीकत मात्र रंजक आहे. अलेक्झांड्रियाच्या लॉजखातर विल्यम जोसेफ विल्यम्स नामक चित्रकाराने १७९४ साली त्याला समोर बसवून पंथाच्या पेहरावात रेखाटले. आणि या सत्यनिष्ठ गृहस्थाने गालावरचा व्रण, देवीचे वण, कानाखालचा तीळ, यांपैकी कशालाही माफी दिली नाही. लोकांनी मात्र गळ्यात घातला तो गिल्बर्ट स्टुअर्टचा, १७९६ मधला, डॉलरच्या नोटेवर आजही दिसणारा, मिटल्या ओठांचा गंभीर चेहरा! हौशी चित्रकारांस छापील नमुना सहज मिळे तो याच चेहऱ्याचा. त्याखाली एप्रन जोडला की काम भागे.

पुढे १८२६ मध्ये, पंथाची गुपिते छापावयास निघालेला न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मॉर्गन बेपत्ता झाला, मेसनांनीच त्याचा घात केला असा बोभाटा उठला, आणि ते किटाळ एवढे वाढले की १८३२ च्या निवडणुकीत मेसनविरोधी पक्षाने व्हर्माँट राज्य जिंकले. राष्ट्रपिता आमच्यातलाच, हे दाखविणारी तसबीर तेव्हापासून निव्वळ शोभेची उरली नाही. माझ्या मते तो पंथाचा जामीनकतबाच होता. यादवी युद्ध सरल्यावर शिळाछापवाल्यांनी तो घरोघर पोहोचविला. १८६६ च्या, सिनसिनाटीकडील स्ट्रोब्रिज कारखान्याच्या छापचित्रात वॉशिंग्टनच्या हाती थापी आहे, आणि वरच्या कोपऱ्यांत लाफायेतसमवेत अँड्रू जॅक्सनही आहे, म्हणजे मेसनविरोधी पक्षाने ज्याच्याविरुद्ध निवडणूक लढविली तोच जॅक्सन. आणि तोही मेसन.

व्रणासहित काढलेले विल्यम्सचे चित्र अलेक्झांड्रियाच्या लॉजच्याच ताब्यात आहे.