राखणदार वेगळा, सारथी वेगळा

भाच्याच्या नव्या गाडीला हार घालून झाला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली. मग शोरूममधला किल्ली देणारा मुलगा शेजारच्या सीटवर बसला आणि पडद्यावर बोट फिरवत अगदी आपुलकीनं म्हणाला, "साहेब, हे ॲडास बंद करून देतो. आपल्या रस्त्यांवर त्याचा त्रासच होतो. मधेच स्वतःहून ब्रेक मारतं आणि मागचा येऊन ठोकतो." भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "मामा, काय करायचं?" मी म्हटलं, "आत्ता काहीच नको. घरी जाऊन निवांत बघू."

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. तो जे सांगत होता ते आज जवळपास सगळेच सांगतात: गॅरेजवाला, सोसायटीतले शेजारी, ऑफिसातले मित्र. ॲडास म्हणजे चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणांचा संच. साधारण 2020-21 पासून तो आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांमध्ये येऊ लागला आणि त्याच्या मागोमाग 'इथे हे चालत नाही, बंद ठेवा' हे मतही रूढ झालं. मला हे मत चूक वाटतं, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. पण ते खोडायचं तर आधी पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे. लुळा पूर्वपक्ष उभा करून पाडण्यात काही अर्थ नाही.

तर पूर्वपक्ष असा. या यंत्रणा युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांवर घडल्या. तिथे पट्टे आखलेले असतात, लोक लेन धरून चालतात, समोरून उलट्या दिशेनं कोणी येत नाही. इथे रिक्षा अचानक काटकोनात वळते, दुचाकी दोन गाड्यांच्या फटीतून निघते, दुभाजकापाशी गाय रवंथ करत बसलेली असते. यंत्र गोंधळणारच. दुसरा मुद्दा याहून खोल आहे. भरवशाचं साधन मिळालं की माणूस सैल होतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये हेच मांडलं: सुरक्षेची साधनं सक्तीची केली की चालक जास्त धोका पत्करतात, आणि वाचलेल्या जिवांची भरपाई दुसरीकडे, बरीचशी पायी चालणाऱ्यांच्या बाजूला, होऊन जाते. 1980 च्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींचा अभ्यास झाला. काही टॅक्सींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, होतं, काहींना नव्हतं. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झाले नाहीत. ते चालक वळणं जोरात घेत होते आणि पुढच्या गाडीच्या जास्त जवळ जात होते. तिसरा मुद्दा अनुभवाचा: तीस वर्षं गाडी चालवली, साधा ओरखडा नाही, हात पक्के असले की यंत्र कशाला?

यातला एकही मुद्दा पोकळ नाही. दोष आहे तो 'ॲडास' या एका शब्दात. या एका पोत्यात दोन अगदी उलट्या स्वभावाच्या गोष्टी भरल्या गेल्या आहेत.

काही यंत्रणा तुमचं काम स्वतःकडे घेतात. ॲडॅप्टिव्ह क्रूझ पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग कमी-जास्त करतं, लेनच्या मधोमध गाडी ठेवणारी यंत्रणा स्टिअरिंग हलकेच वळवत राहते. हे सारथी. बाकीच्या यंत्रणा तुम्ही चुकेपर्यंत गप्प असतात. टक्कर अटळ दिसली तरच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, घसरणारी गाडी सरळ करणारं ईएससी, आरशात न दिसणाऱ्या दुचाकीची सूचना देणारा बारीक दिवा. हे राखणदार. शेताच्या राखणीला माणूस ठेवला म्हणून नांगर कोणी त्याच्या हातात देत नाही. कुठली यंत्रणा कशात मोडते हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: यंत्र तुमच्यावर नजर ठेवतं आहे, की तुम्हाला यंत्रावर नजर ठेवावी लागते आहे?

हा भेद मी माझ्या सोयीसाठी उकरून काढलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणारे सैनिक महत्त्वाच्या खुणा का चुकवतात, हा प्रश्न नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाला पडला होता. त्यांनी माणसांना एका घड्याळाच्या काट्याकडे बघत बसवलं. काटा कधीतरी दुप्पट उडी मारायचा आणि ती उडी टिपायची, एवढंच काम. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवू लागल्याचं दिसलं. आळस हे त्याचं कारण नव्हतं. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट बघत टक लावून बसणं मेंदूला जमतच नाही. पुढे 1983 मध्ये लिझॅन बेनब्रिज यांनी स्वयंचलनावर एक लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. यंत्र सोपं काम काढून घेतं, अवघड तेवढं माणसाकडे ठेवतं, आणि मधल्या काळात त्याचा सराव मोडतो, असं त्यांचं म्हणणं. मे 2016 मध्ये फ्लोरिडात स्वतः स्टिअरिंग सांभाळणारी एक मोटार आडव्या जाणाऱ्या ट्रेलरखाली शिरली. चौकशीत निघालं की यंत्रणा सुरू होती त्या 37 मिनिटांत चालकाचे हात स्टिअरिंगवर जाणवले ते जेमतेम 25 सेकंद.

म्हणजे 'माणूस सैल होतो' हा आक्षेप खरा आहे, पण तो सारथ्याला लागू पडतो. राखणदाराला तो का लागत नाही, हे म्युनिकच्या टॅक्सींकडे नीट पाहिलं की कळतं. एबीएसचा फायदा चालकाला प्रत्येक जोरदार ब्रेकला पायाखाली जाणवतो. जाणवलेली बचत माणूस खर्च करून टाकतो, वेगात किंवा अंतरात. ईएससीचं तसं नाही. एखाद्या चाकाला अर्ध्या क्षणापुरता ब्रेक लावून ते गाडी रेषेत आणतं आणि पुष्कळांना ते घडल्याचं कळतही नाही. जी बचत खिशात दिसत नाही ती उधळणार कशी? अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी, रस्ता सुरक्षेचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, आयआयएचएस. एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका ईएससीमुळे जवळपास निम्म्यावर येतो असा तिचा निष्कर्ष आहे. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे, पोलिसांत नोंदलेले अपघातही जवळपास निम्मे झाले. उलट लेनच्या मधोमध गाडी ठेवण्यासारख्या अर्धस्वयंचलित सोयींनी अपघात घटतात याचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही, असं याच संस्थेनं 2024 मध्ये सांगितलं. एकाच देशात, एकाच संस्थेच्या मोजणीत, राखणदार आणि सारथी असे वेगळे पडले.

'पण ते तिकडे' असं कोणी म्हणेल, म्हणून आपल्या रस्त्यांवर येतो. पट्टे नसल्याचा आक्षेप खरा, पण पट्टे लागतात ते लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेला. पट्टा दिसला नाही की ती आपणहून बाजूला होते, पडद्यावरची तिची खूण करडी पडते. ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला पट्ट्यांशी देणंघेणं नाही. रडार किंवा कॅमेरा पुढच्या वस्तूपर्यंतचं अंतर आणि ते किती झपाट्यानं कमी होतंय एवढंच मोजतो. आणि मागून धडकणं हा काही परदेशी अपघात नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात टकरीच्या प्रकारांमध्ये त्याचाच वाटा सर्वांत मोठा आहे. 100 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. भानावर येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 42 मीटर अंतर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळपास चार एसटी, ब्रेक लागण्याआधीच मागे पडतं. पक्के हात या दीड सेकंदात कामाला येत नाहीत, कारण तोवर हातांना काही कळलेलंच नसतं.

पायाचंही तसंच. घाबरलेला माणूस ब्रेक झटकन दाबतो, पण पुरेसा जोर लावत नाही, हे 1990 च्या दशकात मर्सिडीजच्या अभ्यासात दिसलं आणि त्यातून 1996 मध्ये उरलेला जोर स्वतः लावणारं ब्रेक असिस्ट आलं. मला गाडी शिकवणाऱ्या ट्रक ड्रायव्हर काकांनी 'ब्रेक एकदम मारू नको, पंप कर' असं सांगितलं होतं. एबीएस नसलेल्या त्यांच्या गाडीसाठी ते बरोबरच होतं. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचं आहे, तरी अजून कितीतरी जण ऐन वेळी पंपच करतात. पायाखाली पेडल थरथरलं, करकर वाजलं की काहीतरी मोडलं समजून पाय उचलतात. ती थरथर म्हणजे यंत्र काम करत असल्याची खूण. पाय घट्ट रोवून स्टिअरिंग वळवायचं असतं. हे मोकळ्या मैदानात एकदा करून बघावं.

'मागचा येऊन ठोकतो' ही भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. विनाकारण लागलेला ब्रेक धोक्याचाच. पण तो का लागतो ते बघा. पुढे चढवलेला बुलबार, जो 2017 च्या डिसेंबरपासून बेकायदा आहे, तो रडारच्या तोंडासमोर येतो. पावसाळ्यात बंपरवर चिखलाचा थर बसतो. काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, तो घेतलेला नसतो. यातलं बरंचसं बादलीभर पाणी आणि सर्व्हिस सेंटरची एक फेरी यांनी मिटतं. शिवाय बहुतेक गाड्यांमध्ये इशारा लवकर हवा की उशिरा हे ठरवता येतं. शहरात तो उशिरावर ठेवला की किरकिर बरीच कमी होते. दार करकरतं म्हणून कोणी दारच काढून ठेवत नाही.

सारथ्याबद्दल मात्र पूर्वपक्ष म्हणतो त्याहून मी कडक आहे. गेल्या गळीत हंगामात सोलापूर रस्त्यावर इंदापूरच्या पुढे रात्री क्रूझ 80 वर लावून येत होतो. समोर काळोखच होता. मग त्या काळोखाचा एक तुकडा जरा जास्त काळा दिसला: एका ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि मोळ्यांची टोकं ट्रॉलीच्या मागे दोन-तीन हात बाहेर लोंबलेली, बरोबर माझ्या काचेच्या उंचीवर. गाडीनं इशारा दिला, पण तोवर माझा पाय ब्रेकवर होता. रडार बंपरच्या उंचीवरून बघतं. त्याला ट्रॉलीचं लोखंड जसं दिसतं तसा ऊस दिसत नाही, आणि मी आधी आपटणार होतो तो उसावर. रात्री डाव्या बाजूला बंद पडलेला ट्रक, चाकामागे दगड आणि रस्त्यावर झाडाची फांदी, ही आपल्याकडची धोक्याची खूण कुठल्याच यंत्राला शिकवलेली नाही. भरधाव गाडीचं क्रूझ थांबलेली वाहनं ओळखेलच असं नाही, हे तर गाड्यांच्या माहितीपुस्तकातही लिहिलेलं असतं. त्या रात्रीपासून अंधारात क्रूझ मी लावलेलं नाही. ब्रेकची यंत्रणा मात्र चालू असते.

एक आक्षेप समतेच्या भाषेत येतो: रस्त्यावर मरतात गरीब, आणि ही साधनं श्रीमंतांच्या गाडीत. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली. त्यातले जवळपास 45 टक्के दुचाकीवरचे आणि 20 टक्क्यांच्या आसपास पायी चालणारे. पण याच आकड्यांनी तो आक्षेप उलटतो. मोटारीचा ब्रेक वेळेवर लागला तर वाचतो तो बहुधा मोटारीबाहेरचा माणूस. आयआयएचएसच्या अभ्यासात पादचारी ओळखून ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेनं पादचाऱ्यांना धडकण्याचे अपघात 27 टक्क्यांनी घटले. दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री मात्र काहीच फरक पडला नाही. मग मागणी करायची ती रस्त्यावरच्या दिव्यांची आणि स्वस्त गाडीतही हा ब्रेक असण्याची. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी बंद करून कोणाचं भलं होणार?

बंद करण्याची ही सवय फार जुनी आणि फार खोल आहे. सीटच्या पट्ट्याचा गजर वाजू नये म्हणून खाचेत नुसती क्लिप खुपसून ठेवणारे आपल्याकडे इतके होते की 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विक्री थांबवायला सांगावी लागली. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. गाडी उत्तम, एअरबॅग भरपूर. मिस्त्रींसह मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

त्या रात्री भाच्याच्या पार्किंगमध्ये आम्ही माहितीपुस्तक मांडीवर घेऊन बसलो. आपोआप ब्रेक चालू, आरशातला दिवा चालू, इशारा मध्यमावर. स्टिअरिंग वळवणारी यंत्रणा बंद. समृद्धी महामार्गावर दिवसा करून बघू म्हणालो. गणपती डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, नेमका एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला होता. तो काढून मधे बसवला. मग मागचे पट्टे बघायला गेलो तर बक्कलंच सापडेनात. नवी सीट कव्हरं चढवताना ती खाली दाबली गेली होती. बोटांनी ती एकेक करून वर काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला.