छोटे मासे आणि झिंगे एकाच टाकीत : संत्रापट्ट्यात फिश टँक ठेवताना काय सांभाळावं?

रामाकोना : फिश टँक म्हटला की गोल्डफिश आणि एंजल डोळ्यासमोर येतात. आता मात्र नखाएवढ्या लाल झिंग्यांचीही हौस वाढते आहे. दुकानात यांना ‘चेरी श्रिम्प’ म्हणतात. मूळचे हे तैवान-चीनकडचे. पूर्ण वाढ झाली तरी लांबी अडीच-तीन सेंटीमीटर आणि आयुष्य साधारण दीड-दोन वर्षांचं. छोट्या माशांसोबत ते राहू शकतात. पण नागपूरहून पिशवीत आणले, टाकीत सोडले आणि आठ दिवसांत सगळे मेले, असंही घडतं. दोष माशांवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं. सौंसर-पांढुर्णा भागात तर ते थेट शेतीशीही जोडलेलं असू शकतं.

फवारणी आणि मोरचूद

झिंगा हा कीटकांचा नातेवाईक आहे. दोघांचंही अंग कवचाचं आणि पाय सांध्याचे. त्यामुळे कीड मारणारं औषध झिंग्यालाही मारतं. इमिडाक्लोप्रिड किंवा सायपरमेथ्रिनचा अंश पाण्यात गेला, तर मासे फिरताना दिसतात आणि झिंगे तळाशी पडतात. संत्रा-कपाशीवर फवारणी करून आलेल्याने आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

दुसरा धोका तांब्याचा. डिंक्या रोगावर संत्र्याला लावायचं बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्यापासून बनतं. एक टक्क्याच्या मिश्रणात 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद लागतं. माशांना जे प्रमाण सोसतं, ते झिंग्यांसाठी जीवघेणं ठरू शकतं. मिश्रण कालवलेला ड्रम किंवा बादली कितीही धुतली तरी टँकच्या पाण्याला वापरू नका. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, तेव्हा बाटलीवरचं वाचूनच औषध टाका. मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या भांड्यात काढून औषध द्यावं.

घरातलं डासांचं लिक्विड, अगरबत्ती आणि झुरळांचा स्प्रेही त्याच जातीचे. टँकच्या खोलीत ते वापरू नयेत.

बोअरचं पाणी चालतं का?

चालतं. या भागात बोअरच्या पाण्यात बरेचदा क्षार जास्त असतात, बादलीला पांढरा थर बसतो. चेरी श्रिम्पला कवचासाठी कॅल्शियम लागतंच. नुसतं आरओचं पाणी उलट वाईट, त्यात क्षार जवळजवळ नसल्याने कात टाकताना झिंगे अडकतात. उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली येते, पण क्षार टाकीतच राहतात. म्हणून तेवढी भर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने घालावी. नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन काढायला अँटिक्लोरीन वापरावं किंवा पाणी उघड्या भांड्यात 24 तास ठेवावं. दर आठवड्याला फक्त एक पंचमांश पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदललं तर झिंग्यांना धक्का बसतो.

टाकी भरली की लगेच जीव सोडू नका. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जीवाणू स्पंजवर आणि खडीवर जमायला चार ते सहा आठवडे जातात.

कोणते मासे चालतील?

नियम साधा आहे. ज्या माशाच्या तोंडात झिंगा मावतो, तो मासा झिंगा खातो. गोल्डफिश, एंजल, ऑस्कर आणि बार्ब नकोतच. फायटर कधी गप्प राहतो, कधी एकेक करून संपवतो. भरवसा नाही.

• ओटोसिंक्लस : शेवाळ खाणारा छोटा मासा. पिल्लांनाही सर्वांत कमी धोका याचाच.
• एम्बर टेट्रा : जेमतेम दोन सेंटीमीटर. मोठ्या झिंग्यांना त्रास देत नाही.
• गप्पी आणि एंडलर : कडक पाण्यात मजेत राहतात, पण झिंग्यांची पिल्लं टिपतात.
• झेब्रा डॅनिओ : आपल्याच देशातला चपळ मासा. मोठ्या झिंग्यांसोबत जमतो, पिल्लांसोबत नाही.

मादी पोटाखाली 20-30 अंडी धरते आणि तीन-चार आठवड्यांत पिल्लं निघतात. ती इवलीशी असली तरी रूपाने मोठ्यांसारखीच असतात. त्यांना लपायला जावा मॉसचे दाट झुपके आणि देशी बदामाची वाळलेली पानं द्या. फिल्टर स्पंजचाच हवा, बाकीच्यांत पिल्लं ओढली जातात.

दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी बसतं. त्यात 10-15 झिंगे आणि 8-10 छोटे मासे पुरे. आधी झिंगे सोडा, त्यांची पिल्लं दिसू लागली की मग मासे आणा. आणलेली पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर बारीक नळीने सलाइनसारखं थेंब थेंब टाकीचं पाणी तासभर त्यात मिसळावं.

मे महिन्याची परीक्षा

या झिंग्यांना 20 ते 27 अंशांचं पाणी मानवतं. 30 च्या वर धोका वाढत जातो. बाहेर 44-45 अंश असताना बंद खोलीतली टाकी सहज त्यापुढे जाते. पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही घटतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम असतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास.

उपाय कूलरच्याच तत्त्वावर आहे. झाकणाऐवजी जाळी लावून पाण्यावर लहान पंखा सोडला, तर कोरड्या उन्हाळ्यात पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ थेट टाकू नका, गोठवलेली बाटली थोडा वेळ तरंगत ठेवा. लाइन गेली तर बॅटरीवरचा एअरपंप कामी येतो. उन्हाळ्यात खाणं कमी द्यावं, उरलेलं खाणं पाणी लवकर नासवतं.

कन्हानमध्ये काही सोडू नका, तिथून आणूही नका

नदीतले झिंगे लहानपणी सारखेच दिसतात. पण काही जाती लांब चिमट्यांच्या होतात आणि रात्री मासेच पकडतात. त्यांच्यासोबत रोगही टाकीत येतो.

उलट, हौस फिटली म्हणून टँकमधले मासे नदीत सोडणं त्याहून वाईट. उजनी धरणात चिलापी आणि सकर या बाहेरच्या माशांनी देशी माशांपुढे काय अडचण उभी केली, ते तिथल्या मच्छीमारांना ठाऊक आहे. कन्हान इथून पुढे नागपूर जिल्ह्यात जाते आणि वैनगंगेला मिळते. रामाकोन्याच्या पुलाखाली सोडलेला मासा राज्याची सीमा पाहून थांबत नाही. नको असलेले मासे-झिंगे ओळखीच्या हौशी माणसाला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत.