गळ, परवाना आणि बहिष्कार

इंग्रजी भाषेतील ‘बॉयकॉट’ हा शब्द एका सरोवराच्या काठी जन्मला, आणि त्याच सरोवरावर शंभराहून अधिक वर्षांनी गळ टाकून मासे धरणाऱ्या साध्या माणसांनी तेच शस्त्र पुन्हा हाती घेतले. ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेस कॉरिब आणि मास्क ही दोन विस्तीर्ण सरोवरे आहेत. कॉरिबचे क्षेत्र सुमारे १७६ चौरस किलोमीटर, मास्क त्याच्या निम्म्याएवढे. मधली जमीन चुनखडीची, इतकी सच्छिद्र की मास्कचे पाणी भुयारी वाटांनी कॉरिबला मिळते. महादुष्काळाच्या दिवसांत मजुरांना काम म्हणून या दोहोंमध्ये कालवा खणण्यास घेतला. पण त्यात पाणी ठरेना, आणि १८५४ साली काम सोडून द्यावे लागले. मजुरांचा घाम चुनखडीत जिरला. मात्र याच चुनखडीमुळे येथील पाणी मोठे कसदार झाले आहे, आणि त्यात ट्राउट नावाचा मासा कोणी न पाळता वाढतो.

मे महिन्यात तळाच्या चिखलातील अळ्या वर येतात, त्यांना पंख फुटतात आणि एकदोन दिवसांच्या आयुष्याच्या त्या माशा पाण्यावर तरंगू लागतात. त्या खाण्यासाठी ट्राउट वर येतो. कोळी पिसे, केस आणि रेशीम गळाला बांधून तशीच खोटी माशी बनवितो. माशीला वजन नसते. म्हणून दोरच जड घेतात आणि लवचिक काठीने तो लांब फेकतात. होडी वाऱ्याला आडवी धरून वाहू द्यायची आणि वारा जाईल तिकडे माशी टाकीत राहायचे. या कामाला पैसा थोडा आणि चिकाटी फार लागते. शेतकरी, दुकानदार, कामगार सगळेच त्यात रमतात.

आता १८८० सालाकडे वळू. मास्कच्या काठी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून राहत होता. पीक बुडाले होते. कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली. ती मिळाली नाहीच, उलट घराबाहेर काढण्याच्या नोटिसा आल्या. थोड्याच दिवसांपूर्वी, १९ सप्टेंबर रोजी, एनिस येथील सभेत पार्नेल यांनी सांगितले होते की, काढलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, एकटा पाडा. काठावरील लोकांनी हा उपाय कारभाऱ्यावरच चालविला. मजूर, लोहार, धोबीण, कोणीच त्याच्या दारी जाईना. अखेर उत्तरेकडून ५० स्वयंसेवक पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणास सैन्य आले. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी सरकारचे १०,००० पौंड गेले असे सांगतात. नोव्हेंबर संपण्यापूर्वी बॉयकॉट तेथून निघून गेला. नाव मात्र भाषेत राहिले.

पुढे १९८७ साली, स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने ट्राउट धरणाऱ्यालाही परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. मत्स्यविकासाला पैसा हवा, हे सरकारचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण लोक म्हणाले, जे पाणी बापजाद्यांपासून मोकळे आहे त्यावर आज कर बसला, तर उद्या कुंपणही पडेल. पश्चिमेच्या सरोवरांवर परवाना घेण्यास नकार देण्यात आला, निदर्शने झाली, बाहेरच्या शौकिनांना येऊ नका असे सांगण्यात आले. येथे मोठी किंमत पडली. होडीवाले आणि खाणावळवाले यांचा हंगाम गेला. परवाना घेणारे आणि न घेणारे अशी शेजाऱ्याशेजाऱ्यांत फूट पडली. संपात पहिली भाकर संप करणाराचीच जाते, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. तरी नकार टिकला, आणि १९९० साली ट्राउटपुरती परवान्याची सक्ती सरकारने मागे घेतली.

आपल्याकडे लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार मानाने बसला. पण त्या शब्दाची दुसरी बाजूही आपणच पाहिली आहे. पाण्याच्याच हक्कासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले. आणि ज्यांना गावाने पिढ्यान् पिढ्या दूर ठेवले त्यांच्यासाठी डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी काढलेल्या पत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, यावरून तो रोग किती मुरलेला होता ते कळते.

तेव्हा बहिष्कार चांगला की वाईट, असा प्रश्न विचारून भागत नाही. तो कोणी कोणावर टाकला, हे पाहिले पाहिजे. मास्कच्या काठी दुबळ्यांनी तो सत्तेवर टाकला आणि त्याची झळ स्वतः सोसली. गावकीने तो दुबळ्यांवर टाकला आणि झळ त्यांनाच सोसायला लावली. या दोन गोष्टींना एकच नाव असले तरी त्या एक नव्हेत. सार्वजनिक पाणी कोणाचे, हा प्रश्न पुढेही येत राहील. तो येईल तेव्हा हा भेद आपण विसरता कामा नये.